शेतावरची युटिलिटी एटीव्ही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

द्राक्ष-डाळिंबवाले, कोकणातले आंबा बागायतदार, मावळ-मुळशीत फार्महाऊस घेतलेले लोक आणि अमेरिका-ऑस्ट्रेलियात पाच-दहा एकरांवर राहणारे मराठी लोक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. साधे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. युटिलिटी एटीव्ही म्हणजे नेमकं काय? अलिबागकडे बीचवर भाड्याने मिळते तीच का?

कुळ एकच, काम वेगळं. दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायची सीट, मोटारसायकलसारखं हँडल, उजव्या अंगठ्याने दाबायचा थ्रॉटल आणि कमी हवेचे चार फुगीर टायर हे सगळ्याच एटीव्हींत (ऑल-टेरेन व्हेइकल, म्हणजे कुठल्याही जमिनीवर चालणारी गाडी) असतं. युटिलिटी प्रकारात त्यावर पुढे-मागे सामानाचे रॅक, मागे ट्रॉलीचा हूक, ‘लो’ गिअर, बहुतेक वेळा फोर व्हील ड्राइव्ह आणि चेनऐवजी शाफ्ट येतो. बीचवर फिरायला मिळतात त्यांतल्या बऱ्याच लहान इंजिनाच्या, चेनवर चालणाऱ्या आणि फक्त मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या असतात. त्या चालवून शेतावरच्या गाडीबद्दल मत बनवू नका, चांगलंही नाही आणि वाईटही नाही.

२. जुन्या फोटोंत तीन चाकांची गाडी दिसते. ती आता का मिळत नाही?

सुरुवात तिथूनच झाली. होंडाने १९७० मध्ये यूएस-९० ही तीनचाकी अमेरिकेत आणली. तिला स्प्रिंग नव्हते, फुगे टायरच धक्के खायचे. वळताना ती उलटायची आणि अपघात फार झाले. सुझुकीने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला चारचाकी आणली, होंडाची फोर व्हील ड्राइव्ह १९८६ची. १९८८ मध्ये कंपन्यांनी अमेरिकी सरकारशी झालेल्या तडजोडीत तीनचाकी विकणं थांबवलं. परदेशात कुणाच्या कोठारात अशी जुनी तीनचाकी पडलेली असेल आणि तो फुकट देत असेल, तरी घेऊ नका.

३. एटीव्ही घ्यावी की साइड-बाय-साइड, म्हणजे यूटीव्ही?

यूटीव्हीला स्टिअरिंग, शेजारी-शेजारी सीट, सीटबेल्ट, डोक्यावर लोखंडी पिंजरा आणि मागे हौदा असतो. दोन माणसं नेहमी जाणार असतील, हौद्यात खत-माती टाकायची असेल किंवा चालवणाऱ्याचं वय साठीपुढे असेल, तर यूटीव्हीच घ्या. एटीव्हीचा फायदा तिच्या अरुंदपणात आहे. साधारण सव्वा मीटर रुंदी, छोटा वळसा, झाडांखालून वाकून जाता येणं आणि उतरल्याशिवाय आजूबाजूचं नीट दिसणं.

महिंद्राची रॉक्सर याच साइड-बाय-साइड गटात विकली गेली. नाशिकच्या कारखान्यातून निघणाऱ्या थारवर ती बेतलेली होती, २०१८ पासून डेट्रॉईटजवळ जुळवली जायची आणि अमेरिकेत मुख्यतः रस्त्याबाहेरचं वाहन म्हणूनच विकली जायची.

४. किती सीसीची, किती हॉर्सपॉवरची घ्यावी?

सगळ्यात जास्त येणारा आणि सगळ्यात चुकीच्या टोकाने विचारला जाणारा प्रश्न. पोलारिस स्पोर्ट्समन ५७० ला सुमारे ४४ हॉर्सपॉवर आहे. आपल्याकडचा नेहमीचा लहान मिनी ट्रॅक्टर साधारण १५ हॉर्सपॉवरचा. तरी मातीत अवजार घालून ओढायची वेळ आली की ट्रॅक्टर जिंकतो. चाक जमिनीला किती पकडेल हे गाडीच्या वजनावर ठरतं, आणि एटीव्ही जेमतेम तीनशे-सव्वातीनशे किलोची. तो लहान ट्रॅक्टर तिच्या दुपटीहून जड, शिवाय त्याचे गिअर मंद वेगात जोर द्यायलाच बांधलेले. एटीव्हीची अश्वशक्ती वर, जास्त आरपीएमला मिळते. ती वेगात आणि चढणीवर कामी येते, मातीत नाही.

म्हणून सीसी मागे ठेवा आणि आधी तीन आकडे विचारा: रॅकवर किती किलो, ट्रॉली किती किलोची, चालकासकट एकूण किती किलो. बागेतली ये-जा, क्रेट, फवारा, कुंपणाची पाहणी यासाठी ४०० ते ५७० सीसी पुरेशी आहे. ७०० ते १००० सीसीच्या गाड्या रॅकवर त्या प्रमाणात जास्त वजन नेत नाहीत. जास्तीचे पैसे मुख्यतः वेगाचे असतात, आणि शेतात वेग हवा आहे कुणाला?

५. नांगरट, रोटाव्हेटर, द्राक्षबागेचा ब्लोअर चालेल का?

नाही. नेहमीच्या एटीव्हीला पीटीओ शाफ्ट (इंजिनाची ताकद अवजाराला देणारा फिरता दांडा) नसतो, थ्री-पॉइंट लिंकेजही (अवजार अडकवायची तीन टोकांची जोडणी) नसतं. रोटाव्हेटर आणि ट्रॅक्टरचा ब्लोअर हे दोन्ही पीटीओवर फिरतात. द्राक्षाच्या आठ-दहा फुटांच्या ओळीत एटीव्ही आरामात फिरते, पण पाच-सहाशे लिटरची टाकी आणि पंखा घेऊन घडांवर औषध पोचवणं हे मिनी ट्रॅक्टरचंच काम. एटीव्ही घेऊन ट्रॅक्टर विकायचा बेत करणाऱ्या बागायतदाराला मी स्पष्ट नको म्हणतो.

मागे ओढायची हलकी अवजारं मात्र चालतात: खत-बी विखुरणारं यंत्र, सपाटीकरणाची फळी, स्वतःचं इंजिन असलेलं गवत कापायचं यंत्र. वाफसा आलेल्या भुसभुशीत मातीत हलका वखरही फिरेल. घट्ट रानात नाही.

६. रॅकवर किती वजन ठेवता येतं?

यामाहा ग्रिझली ७०० ला पुढे ५० आणि मागे ९० किलो. स्पोर्ट्समन ५७० ला पुढे सुमारे ४१, मागे ८२. बाकीच्यांचे आकडे मॉडेलनुसार कमी-जास्त. आंब्याचा भरलेला क्रेट वीस किलोचा धरला तर मागे चार आणि पुढे दोन. पाचवा क्रेट मागे बसतो म्हणून ठेवला जातो, आणि चढणीवर हँडल हलकं पडतं ते त्यामुळेच.

दोन गोष्टी नेहमी राहून जातात. रॅकची मर्यादा वेगळी आणि गाडीची एकूण मर्यादा वेगळी. एकूण मर्यादेत तुमचं वजन, अंगावरचं सामान, नंतर बसवलेला विंच (दोर गुंडाळून ओढणारी मोटर, प्रश्न १७) आणि बंपर सगळं धरायचं असतं. आणि ट्रॉलीचा दांडा हुकावर जो भार टाकतो तो बऱ्याच माहितीपुस्तिकांत मागच्या रॅकच्या आकड्यातूनच वजा करायला सांगितलेला असतो. ट्रॉली जोडून रॅकही पूर्ण भरला, तर हिशेब तिथेच चुकला.

७. मग फवारणीची टाकी किती लिटरची घेऊ?

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे उत्तर वरच्या प्रश्नातच आहे. शंभर लिटरची टाकी भरली की टाकी, पंप, नळी धरून मागच्या रॅकच्या मर्यादेबाहेर गेली. ५० ते ६० लिटर हे बहुतेक गाड्यांना झेपणारं माप आहे. त्याहून मोठी हवी असेल तर चाकांवरची, मागे ओढायची टाकी घ्या.

अर्धी भरलेली टाकी पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा जास्त त्रास देते. वळताना पाणी एका बाजूला जातं आणि नेमक्या नको त्या क्षणी गाडीला ढकलतं. आत आडव्या पट्ट्या असलेली टाकी मिळाली तर दोन पैसे जास्त द्या. पंप १२ व्होल्टचा असतो, तो तणनाशकाला, कुंपणाच्या कडेला, खोडाशी आळवणी करायला उत्तम. उंच झाडाच्या शेंड्यापर्यंत पोचेल असा दाब त्यात नाही.

केबिन नसल्याने उडालेलं औषध सरळ तुमच्या अंगावर येतं. वारा पाठीमागून असेल तर तुम्ही स्वतःच्याच फवाऱ्यातून पुढे जात असता. मास्क, चष्मा, पूर्ण बाह्या, आणि वारा पाहून ओळीची दिशा ठरवणं इथे पाठीवरच्या पंपाइतकंच गरजेचं आहे.

८. ट्रॉली किती किलोची ओढेल? पुस्तकात ६०० किलो लिहिलंय.

ग्रिझलीला ६०० किलो लिहिलेलं आहे, स्पोर्ट्समन ५७० ला वर्षानुसार साडेपाचशे ते सहाशेच्या आसपास, होंडाच्या रँचर ४२० ला ३८५. हे आकडे चांगल्या, सपाट जमिनीवरचे आहेत. ओढणं हा प्रश्नच नसतो, थांबवणं हा असतो. लहान ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतात. उतारावर तीनशे किलोच्या गाडीला मागून सहाशे किलो ढकलतात आणि गाडी आडवी फिरते.

कोकणातल्या, मावळातल्या वाटांवर मी लिहिलेल्या आकड्याच्या निम्म्यावर थांबायला सांगतो. ट्रॉली भरताना थोडा भार दांड्याकडे ठेवा, एकूण वजनाच्या साधारण दहावा हिस्सा. सगळं वजन मागे गेलं की दांडा वर उचलतो आणि मागच्या चाकांची पकड जाते. लो गिअर, चालण्याचा वेग, आणि उतरायला लागण्याआधीच गिअर टाकलेला. दोर बांधून किंवा रॅकला अडकवून कधीही ओढू नका. हूक खाली असतो त्याला कारण आहे. उंचावरून ओढलं तर पुढची चाकं उचलतात.

९. गिअरवाली चांगली की बेल्टवाली?

बहुतेक कंपन्या सीव्हीटी वापरतात: दोन पुली, मध्ये रबरी बेल्ट, वेगाप्रमाणे पुलीचा व्यास बदलतो, पायाने काही करायचं नाही. होंडाने युटिलिटी एटीव्हीत बेल्ट न घेता गिअर ठेवले. पायाने, बटणाने किंवा आपोआप बदलणारे, असे तिन्ही प्रकार तिच्याकडे मिळतात.

बेल्ट चालवायला सोपा, पण त्याला दोन शत्रू: पाणी आणि आळस. पाण्याचं प्रश्न १६ मध्ये येईल. आळस म्हणजे जड ट्रॉली ‘हाय’ मध्येच रेटणं. बेल्ट घसरतो, तापतो, जळक्या रबराचा वास येतो आणि एक दिवस बागेच्या पार टोकाला तुटतो. ओझं असेल, चढण असेल किंवा माणसाच्या चालीने जायचं असेल तर ‘लो’ टाका. एवढं पाळलं तर बेल्ट वर्षानुवर्षं जातो. उतारावर इंजिनाने गाडी धरून ठेवणं गिअरमध्ये जात्याच असतं. सीव्हीटीत ती सोय वेगळी द्यावी लागते आणि स्वस्त गाड्यांत ती नसते. घेताना हा प्रश्न विचाराच.

१०. फोर व्हील आणि डिफरेन्शियल लॉक केव्हा टाकायचं?

कोरड्या, कडक जमिनीवर टू व्हील. हँडल हलकं राहतं आणि टायर कमी झिजतात. निसरडं दिसलं की रुतायच्या *आधी* फोर व्हील. पोलारिसमध्ये बटण दाबून ठेवलं की मागची चाकं घसरल्यावर पुढची आपोआप जोडली जातात. यामाहा ग्रिझलीत तीन पायऱ्या आहेत: टू व्हील, फोर व्हील, आणि लॉकसकट फोर व्हील. डिफरेन्शियल म्हणजे वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी सोय. लॉक टाकल्यावर ती बंद होते आणि पुढची दोन्ही चाकं सारखीच फिरतात, त्यामुळे हँडल वळत नाही म्हटलं तरी चालेल. अडकलेल्या जागेतून सरळ बाहेर पडायचं आणि लगेच लॉक काढायचं.

मागच्या चाकांना बहुतेक गाड्यांत फरकाने फिरायची सोय नसते. म्हणून सिमेंटच्या अंगणात वळताना त्या अडखळतात आणि लॉनवर गवत उपटतात. तो बिघाड नाही.

११. आमची बाग डोंगरउतारावर आहे. एटीव्ही चालेल का?

चालेल, पण या एका विषयावर विक्रेत्याचं ऐकू नका, माहितीपुस्तिका वाचा. उताराच्या अंशाची मर्यादा तिच्यात छापलेली असते आणि ट्रॉली किंवा ओझं असताना ती आणखी खाली येते.

एटीव्ही उंच आणि अरुंद असते. ती तोलायचं निम्मं काम चालवणाऱ्याचं शरीर करतं. चढताना पुढे झुकायचं, उतरताना सीटवर मागे सरकायचं, वळताना आतल्या बाजूला. ज्याला हे जमत नाही किंवा गुडघे-कंबरेमुळे शक्य नाही, त्याच्यासाठी उतारावर ही गाडी नाही. उतार सरळ चढायचा, सरळ उतरायचा. आडवं जाणं टाळायचं. तेच करावं लागलं तर रॅक रिकामे हवेत आणि अंग वरच्या बाजूला.

चढताना मध्येच इंजिन बंद पडलं तर? ब्रेक दाबा, अंग पुढे ठेवा, पार्किंग ब्रेक लावा आणि वरच्या बाजूने उतरा. जागेवर वळवून खाली यायचा प्रयत्न करू नका आणि ब्रेक सोडून मागे घरंगळूही देऊ नका. जांभ्याच्या कातळावर पावसाळ्यात शेवाळ धरतं, तिथे फोर व्हीलही उपयोगाचं नाही कारण चारही चाकं सारखीच घसरतात. पावसाळ्यात अशा वाटा बंद समजा. गडग्याच्या कडेने जाताना मोकळ्या दगडावर एक चाक चढणं हे तर उलटण्याचं नेहमीचं कारण.

१२. ऑस्ट्रेलियात राहतो. इथे प्रत्येक नव्या क्वाडला, म्हणजे एटीव्हीला, मागे लोखंडी कमान का असते?

तिथे शेतावरच्या मृत्यूंत क्वाड बाइक उलटून चालक खाली चिरडला जाण्याचं प्रमाण मोठं होतं. म्हणून २०१९ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा मानक आलं. ११ ऑक्टोबर २०२१ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या युटिलिटी क्वाडला उलटल्यावर चालकाला जागा ठेवणारी कमान लागते आणि आडव्या स्थिरतेची किमान पातळी गाठावी लागते. बाहेरून आयात केलेल्या जुन्या गाड्यांनाही तेच. होंडा आणि यामाहा यांनी हे मान्य न करता त्या बाजारातून क्वाड काढून घेतल्या.

देशात आधीपासून असलेली जुनी गाडी एखाद्या शेतकऱ्याकडून घेतली तर तिला हे मानक लागू नाही. तरी कमान वेगळी विकत मिळते, ती बसवाच. माझं मत विचाराल तर भारतात गाडी घेणाऱ्यानेही ती मागवावी.

१३. सीट एवढी लांब आहे, मागे कुणाला बसवलं तर? मुलांना चालवायला देऊ का?

सीट लांब आहे ती चालकाला पुढे-मागे सरकता यावं म्हणून (प्रश्न ११). मागे माणूस बसला की ते सरकणंही संपतं आणि सगळं वजन मागच्या चाकांमागे जातं. दोघांसाठी वेगळी, लांब चेसिसची मॉडेलं असतात, उदाहरणार्थ कॅन-ॲम आउटलँडर मॅक्स. रॅकवर कामगार बसवून आणणं तर नकोच.

मुलांबद्दल: पूर्ण आकाराच्या गाडीवर अमेरिकेत १६ वर्षांखालच्यांनी चालवू नये असं लेबलच असतं. मूल फक्त ताकदीने नाही, वजनानेही कमी पडतं. त्याच्या झुकण्याने गाडी तोलली जात नाही.

१४. काळ्या मातीत, ऐन पावसाळ्यात चालते का?

ट्रॅक्टर रुतेल तिथून रिकामी एटीव्ही बऱ्याचदा निघून जाते, कारण फुगीर टायरमुळे जमिनीवर दाब कमी पडतो. पण काळी माती चिकट. चाकाच्या खाचा भरल्या की टायर गुळगुळीत होतो, मग चिखल मडगार्डखाली साचून चाकच घासायला लागतं. खोल आणि लांब-लांब खाचांचे टायर घेतले तर माती फिरताना झटकली जाते. तेच टायर कडक वाटेवर हादरे देतात आणि लवकर झिजतात, त्यामुळे वर्षभर तेवढ्यासाठी ठेवू नका. थांबू नका, चाकं गरगर फिरवू नका. मागची चाकं एकदा खणायला लागली की पोट मातीला टेकेपर्यंत खणतात.

बांध ओलांडताना तिरके जाऊ नका. दोन्ही पुढची चाकं एकदम चढवा. पोटाखाली साधारण २५ ते ३० सेंटिमीटर मोकळी जागा असते, त्याहून उभा बांध असेल तर कापून वाट करणंच बरं.

१५. वेड्या बाभळीच्या काट्यांनी टायर टिकतील का? हवा किती भरायची?

टायर ट्यूबलेस असतात, पंक्चर होतात, आणि गाडी उचलल्याशिवाय रबरी प्लगने दहा मिनिटांत निघतात. प्लगचा डबा आणि हातपंप सीटखाली कायम ठेवा. काटेरी भागात आतून भरायचं सीलंटही कामाचं. घेताना सहा प्लायचे, म्हणजे जाड बांधणीचे टायर मागा. टायरवर २५x८-१२ असं लिहिलं असेल तर उंची २५ इंच, रुंदी ८ इंच, रिम १२ इंच.

हवा चार ते सात पीएसआय, नेमका आकडा गाडीवरच्या लेबलवर. मोटारसायकलच्या सवयीने तीस भरली की टायर दगडासारखा होतो, गाडी उडते आणि ब्रेक लागत नाहीत. पेट्रोल पंपावरचा मीटर एवढा कमी दाब नीट दाखवत नाही. कमी दाबाचा छोटा गेज वेगळा घ्या.

१६. ओढ्यातून किती खोल पाण्यातून जाते?

पाय ठेवायच्या फळीपर्यंत, आणि तेही संथ पाण्यात. हवा घ्यायचं तोंड उंच असतं, पण बेल्टच्या खोक्यात पाणी शिरलं की बेल्ट घसरतो आणि गाडी ओढ्यातच उभी राहते. बाहेर काढून न्यूट्रलमध्ये थोडा वेळ इंजिन वाढवून बेल्ट वाळवावा लागतो, खोक्याला खाली बूच असेल तर ते उघडावं. त्याहून मोठा धोका असा की फुगे टायर तरंगतात. वाहत्या पाण्यात गाडी जमिनीवरची पकड सोडते. बाहेर आल्यावर ब्रेक हळूहळू दाबून वाळवा आणि पाणी खोल असेल तर डिफरेन्शियलचं तेल तपासा. दुधासारखं दिसलं तर बदला.

१७. विंच घ्यावा का?

हो, पहिली जोडणी हीच. गाडी आणि ओझं मिळून जे वजन होईल त्याच्या दीडपट ताकदीचा घ्या. २५०० ते ३५०० पौंडांचे मिळतात. लिहिलेली ताकद ड्रमवर दोराचा एकच थर असतानाची असते. दोर जास्त गुंडाळलेला असेल तितकी ती कमी. कप्पी लावून दोर दुहेरी केला तर ओढ जवळपास दुप्पट आणि वेग निम्मा. आंब्याच्या खोडाला नुसता वायररोप गुंडाळू नका, साल कापली जाते. रुंद पट्टा वापरा. इंजिन चालू ठेवा, नाहीतर बॅटरी पाच मिनिटांत बसते.

१८. ॲव्हरेज किती? सर्व्हिसिंग कधी?

किलोमीटरवर हिशेब लावू नका. दिवसभरात सहा किलोमीटर आणि चार तास इंजिन चालू, असं हे वाहन. म्हणून मीटरवर तास दिसतात आणि सर्व्हिसही तासांवर. पहिलं तेल लवकर बदलायचं, त्यानंतर पुस्तिकेप्रमाणे. आपल्या धुळीत एअर फिल्टर पुस्तिकेतल्या मुदतीच्या निम्म्या वेळात साफ करा. रेडिएटरच्या जाळीत गवताचं बी आणि चिखल बसतो, तो हलक्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशर बेअरिंगवर मारू नका.

१९. डिझेलची किंवा इलेक्ट्रिक मिळते का?

डिझेलच्या झाल्या आहेत, आर्क्टिक कॅटची डिझेल ७०० ही त्यांतली एक, पण वजन आणि किंमत वाढते म्हणून त्या मागेच राहिल्या. इलेक्ट्रिकमध्ये यूटीव्ही पुढे आहेत. पोलारिसची रेंजर किनेटिक ११० हॉर्सपॉवरची, १४.९ किंवा २९.८ किलोवॉट-तासांच्या बॅटरीची आहे. आवाज नाही आणि शून्य वेगापासून जोर मिळतो, हे जनावरांजवळ काम करणाऱ्याला फार सोयीचं. ट्रॉली ओढताना मात्र अंतर झपाट्याने घटतं.

२०. भारतात रस्त्यावर चालवता येते का? आमचे दोन गट गावरस्त्याने तुटलेले आहेत.

नोंदणी नसलेली एटीव्ही रस्त्यावर नाही, दोनशे मीटरसाठीही नाही. मोटार वाहन कायद्यात कारखाना किंवा बंदिस्त आवारातच वापरायच्या खास वाहनाला सूट आहे. पण लोकांना जायचा हक्क असलेली कुठलीही जागा कायद्याने सार्वजनिक ठरते. म्हणजे शिवरस्ता आणि पाणंदही त्यात आली. तुमच्या दोन गटांमधला रस्ता ओलांडताना अपघात झाला तर विमा नाही, आणि भरपाई खिशातून.

नोंदणी होणारं मॉडेल घेणं हा एक मार्ग. पोलारिसने स्पोर्ट्समन ५७० ची शेती ट्रॅक्टर म्हणून मान्यता घेतलेली, कमी हॉर्सपॉवरची आवृत्ती भारतात आणली होती. युरोपातही एटीव्ही ट्रॅक्टरच्या वर्गात नोंदवायची ही वाट रुळलेली आहे. विक्रेता ‘होऊन जाईल’ म्हणाला तर त्याच मॉडेलचं मान्यता प्रमाणपत्र हातात घ्या, ते आरटीओत दाखवा आणि मगच पैसे द्या. ट्रॉली रस्त्यावर न्यायची असेल तर तिचीही वेगळी नोंदणी लागते.

२१. सरकारने क्वाड्रिसायकलला परवानगी दिली ना? मग क्वाड बाइक त्यात बसत नाही का?

नाही. तो बजाज क्यूटसारख्या छपराच्या, स्टिअरिंगच्या छोट्या चारचाकीचा वर्ग आहे. नाव सारखं वाटतं म्हणून हा प्रश्न येतो, आणि काही विक्रेते तो गोंधळ दूरही करत नाहीत.

२२. परवाना कोणता लागतो? हेल्मेट?

ट्रॅक्टर म्हणून नोंदलेल्या गाडीला हलक्या मोटार वाहनाचा परवाना पुरतो. ७५०० किलोपर्यंतचा ट्रॅक्टर त्या व्याख्येत येतो. दुचाकीचा परवाना चालत नाही, हँडल असलं तरी. स्वतःच्या आवारात परवाना कुणी विचारणार नाही, पण हेल्मेट तिथेही घाला. फांदी डोळ्यांच्या उंचीवर असते.

२३. अमेरिकेतून परतताना माझी जुनी गाडी आणू का?

बहुतेकांना मी नको सांगतो. भाडं, सीमाशुल्क आणि जुन्या वाहनांच्या आयातीच्या कडक अटी एवढं पार करूनही भारतात मान्यता नसल्याने नोंदणी होत नाही. शिवाय बेल्ट आणि फिल्टर दरवेळी कुणाच्या तरी बॅगेतून मागवावे लागतात. तिथेच विका.

२४. बर्फ ढकलायला चालते का?

मिशिगन, न्यू जर्सीतून हा दर नोव्हेंबरला येतो. चार ते पाच फुटांचं पातं पुढे लावून घरासमोरची वाट छान साफ होते. पातं विंचनेच वर-खाली होतं. ताज्या बर्फाला ठीक, गोठून कडक झालेल्या ढिगाला वेगाने धडकू नका. पातं वाकण्याआधी चेसिस वाकते. सार्वजनिक फूटपाथवर चालवण्याचा नियम प्रत्येक गावाचा वेगळा, तो पालिकेला विचारा.

२५. समुद्रकिनाऱ्यावर आमची वाडी आहे. वाळूतून ये-जा केली तर चालेल?

गोव्यात किनाऱ्यावर खासगी वाहन चालवायला बंदी आहे. महाराष्ट्रात मुंबईच्या चौपाट्यांवर पोलीस एटीव्हीवरून गस्त घालतात, ते पाहून आपल्यालाही परवानगी आहे असं समजू नका. भरती-ओहोटीच्या रेषेजवळची जागा तुमच्या वाडीचा भाग नसते, त्यामुळे प्रश्न २० मधलं सगळं लागू होतं.

वेळास, आंजर्ले आणि आसपासच्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, पिल्लं उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत बाहेर पडतात. घरटी भरतीरेषेच्या वर, नेमकी गाडी चालवायला सोपी वाटते त्या कोरड्या वाळूत असतात. चाकोरीच्या खोल रेघेत पडलेलं पिल्लू समुद्राकडे न जाता त्या रेघेनेच चालत राहतं. त्या काळात वाडीच्या मागच्या वाटेनेच जा. वाळू, मीठ आणि ओल यांनी गाडीचे बेअरिंग आणि वायरिंग किती लवकर जातात हे पाहिलं, तर पैशाच्या हिशेबानेही मागची वाटच स्वस्त पडते.